‘एवढं सहन करावंच लागतं’ – हे कोणी ठरवलं?

मागच्या पावसाळ्यात एक काका ओपीडीत आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६१, सातारा जिल्ह्यातलं गाव. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, केमोच्या तीन सायकल झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलाने बसायच्या आधीच स्कॅनचा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

“डॉक्टर, गाठ साडेपाच सेंटिमीटरवरून साडेतीनवर आली. औषध लागू पडलंय ना?”

लागू पडलं होतं. मीही खूश झालो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मीसुद्धा पेशंटकडे न बघता फिल्मच बघत होतो. मग लक्षात आलं की काका खुर्चीत टेकून बसलेले नाहीत. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेत.

“काका, झोप कशी लागते?”

त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, “बसूनच झोपतो डॉक्टरसाहेब. आडवं झालं की पाठीत कळ येते.”

“किती दिवस?”

“झाले असतील तीन आठवडे.”

तीन आठवडे! या काळात त्यांची एक केमो होऊन गेली होती, दोनदा रक्त तपासून झालं होतं, एक स्कॅन झाला होता. म्हणजे निदान चार वेळा कुणी ना कुणी पांढऱ्या कोटातला माणूस त्यांच्यासमोर उभा होता. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, असं मी विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “केमो म्हटल्यावर एवढं सहन करावंच लागतं, असं सगळेच म्हणाले.”

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटला नव्याने पाठ दुखू लागली, ती आडवं झाल्यावर वाढत असेल आणि रात्री जागवत असेल, तर ती मणक्यातल्या गाठीची आहे असं धरूनच चालावं लागतं, तपासणीने उलट सिद्ध होईपर्यंत. त्याच दिवशी एमआरआय केला. मणक्यात गाठ होती आणि ती मज्जारज्जूला टेकायला आली होती. लगेच स्टिरॉइड सुरू केलं, दुसऱ्या दिवसापासून शेक. काका आज स्वतःच्या पायांनी चालतात. आणखी आठवडाभर असंच गेलं असतं आणि पायांतली ताकद गेली असती, तर ती बहुतेक परत आली नसती. छातीतली गाठ औषधाला दाद देत होती, मणक्यातली देत नव्हती. असं होतं. छातीच्या स्कॅनचा रिपोर्ट खरा होता आणि काकांची कळही खरी होती.

तेव्हापासून माझं या वाक्याशी भांडण आहे: ‘एवढं सहन करावंच लागतं.’ नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, पलीकडच्या कॉटवरचा जुना पेशंट म्हणतो. आणि मान्य करायला लाज वाटते, पण आम्ही डॉक्टरही म्हणतो. वाक्य धीराचं वाटतं. प्रत्यक्षात ते माणसाचं तोंड बंद करतं.

एकच त्रास, अर्थ मात्र तीन

‘पुढच्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये त्रास वाढतच जाणार’ अशी सरळ रेघ लोकांच्या डोक्यात असते. तसं नसतं. उपचार सुरू झाले की काही त्रास कमी होतात, काही नवे येतात, काही दर तीन आठवड्यांनी येऊन जातात, आणि काही महिनोन्‌महिने नसतात मग एक दिवस हळूच परत येतात. या प्रत्येक बदलाला अर्थ असतो.

साध्या केमोचं उदाहरण घ्या. कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही जोडी दर २१ दिवसांनी देतात. पेमेट्रेक्सेडबरोबर आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पेशंट उलट तरतरीत असतो, जेवतो, रात्री झोपत नाही, बडबड करतो. घरचे म्हणतात, “केमो काहीच नाही हो, उगाच घाबरलो.” स्टिरॉइड थांबतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस फुग्यातली हवा गेल्यासारखा बसतो. घरच्यांना वाटतं आजार उलटला. आजार उलटलेला नसतो, स्टिरॉइडचा जोर उतरलेला असतो. हे आधी दोन मिनिटं घालवून सांगितलं असतं तर त्या घरातली एक भयाण रात्र वाचली असती. उलट्यांचंही तसंच. काही उलट्या पहिल्या २४ तासांतल्या, काही दुसऱ्या ते पाचव्या दिवसातल्या. पेशंट डे-केअरमधून घरी जाताना ठीक असतो म्हणून आम्ही निश्चिंत, आणि उलट्या होतात त्या गावी गेल्यावर.

साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या दिवसांत ताप १००.४ किंवा त्यावर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा असतो. तापाची गोळी आकडा खाली आणते, आतला संसर्ग तिथेच असतो.

आता गोळ्यांकडे वळू. आपल्याकडे अॅडेनोकार्सिनोमा प्रकारच्या पेशंटपैकी साधारण पाव लोकांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा बदल सापडतो. सिगारेट कधी न ओढलेल्यांत, बायकांत जास्त. त्यांना जेफिटिनिब, अर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब अशा गोळ्या मिळतात. इथे चित्र अगदी वेगळं. दोन वाक्यं बोलताना धाप लागणारी बाई दोन आठवड्यांत जिना चढून येते. खोकला स्कॅन व्हायच्या कितीतरी आधी कमी होतो. हा बदलही नोंदवण्यासारखाच आहे, कारण औषध लागू पडल्याची पहिली बातमी बहुधा पेशंटच्या छातीकडून येते, मशीनकडून नंतर. पण त्याच आठवड्यांत चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ येतं, जुलाब होतात, पुढे बोटांना नखुरडी होतात. पुरळावर लोक मुरुमांचं मलम आणून लावतात, त्याने कातडी आणखी कोरडी पडून सोलते. आणि नखुरड्यामुळे शर्टाचं बटण लावता येत नाही, पोळी लाटता येत नाही. आमच्या भाषेत हा ‘ग्रेड टू’ त्रास. ज्या बाईचं अर्धं आयुष्य पोळपाटावर गेलंय तिच्यासाठी तो कुठल्या ग्रेडचा आहे हे तिलाच विचारायला हवं.

एएलके बदलावरची लॉर्लाटिनिब ही गोळी काही जणांचा स्वभावच बदलते. विसरायला होतं, शब्द सुचत नाहीत, शांत माणूस तिरसटासारखा वागतो. घरात भांडणं होतात, “आजारपणाने हे असे झालेत” म्हणून सगळे सोसतात. डोस कमी केल्यावर किंवा गोळी काही दिवस थांबवल्यावर बहुतेक वेळा माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. पण डॉक्टरला कळलं तर!

इम्युनोथेरपीची गोष्ट आणखी निराळी. ती प्रतिकारशक्तीला मोकळं सोडते आणि ही मोकळी सुटलेली शक्ती कधीकधी स्वतःच्याच शरीरावर घसरते. फुफ्फुस, आतडं, थायरॉइड, यकृत, कशावरही. तेही पहिल्या आठवड्यात होईल असं नाही, काही महिन्यांनी होतं, इंजेक्शन थांबवल्यानंतरही होतं. तोपर्यंत त्या त्रासाचा औषधाशी संबंध असेल हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही.

म्हणून जुलाब म्हणजे नुसते जुलाब नसतात. केमोवर असलेल्याला पांढऱ्या पेशी कमी असताना जुलाब लागले तर जंतुसंसर्गाची आणि अंगातलं पाणी जाण्याची भीती. ओसिमर्टिनिबवर असलेल्याचे साधे जुलाब लोपेरामाइड आणि गरज पडल्यास डोसमधल्या बदलाने आवरतात. इम्युनोथेरपीवर असलेल्याचे जुलाब हा आतड्याचा दाह असू शकतो. त्याला स्टिरॉइड लागतं, आणि मेडिकलवाल्याकडून आणलेल्या जुलाबाच्या गोळीने तो दडपून ठेवला तर आतडं फाटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. खोकल्याचंही तेच: गाठ वाढली म्हणून, जंतुसंसर्ग म्हणून, शेक दिल्यानंतर एक-दोन महिन्यांनी येणारी फुफ्फुसाची सूज म्हणून, किंवा गोळीमुळे वा इम्युनोथेरपीमुळे आलेला न्यूमोनायटिस म्हणून. आपल्या देशात टीबीही विसरून चालत नाही. (उलटही होतं. कॅन्सरचा खोकला महिनोन्‌महिने टीबी समजून टीबीच्याच गोळ्या खाल्लेले पेशंट आम्ही नेहमी बघतो, त्यावर पुन्हा कधीतरी.) प्रत्येकाचा उपाय वेगळा, काही तर एकमेकांच्या उलट. यातलं काय आहे हे ठरवायला डॉक्टरला आधी खोकला बदलल्याचं कळायला हवं. सहनशील पेशंट नेमकं हेच हातचं राखतो.

आमच्या बाजूचं काय?

आता माझ्याच जातभाईंकडे येतो. ‘पेशंट सांगत नाही’ असं म्हणून आम्ही हात झटकतो. पेशंट सांगत नाही कारण आम्ही विचारत नाही. आणि विचारतो ते असं: “काय, बरंय ना?” या प्रश्नाला मराठी माणसाकडे एकच उत्तर असतं, “हो, बरंय.” डॉक्टरांच्या कागदावर नोंदलेला त्रास आणि पेशंटने स्वतः लिहून दिलेला त्रास यांची जेव्हा जेव्हा तुलना झाली, तेव्हा आमच्या कागदावरचा त्रास कमीच निघाला आहे.

विचारल्याने काय होतं? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये एक चाचणी झाली. पसरलेल्या कॅन्सरचे, केमो घेणारे ७६६ पेशंट, त्यांत फुफ्फुसाचेही होते. एका गटाची नेहमीची देखभाल. दुसऱ्या गटाने खोकला, धाप, वेदना, मळमळ, थकवा असे १२ त्रास स्वतः संगणकावर नोंदवायचे, आणि एखादा त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. एवढंच. कुठलंही नवं औषध नाही. २०१७ मध्ये निकाल आला: त्रास नोंदवणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६. त्याच वर्षी फ्रान्समधून फक्त फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवरची अशीच चाचणी प्रसिद्ध झाली, तिथे १९ महिने विरुद्ध १२. त्याआधी २०१० मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटपैकी निम्म्यांना निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी झालं, आणि शेवटच्या काळात जड उपचार कमी घेऊनही ते सरासरी जास्त जगले, ११.६ महिने विरुद्ध ८.९.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की नंतरच्या प्रत्येक अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. पण त्रास कमी होणं आणि जगणं सुसह्य होणं हे पुन्हापुन्हा दिसलं आहे, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं कारण आहे. विचार करा, एखाद्या गोळीने पाच महिने आयुष्य वाढलं असतं तर पंचतारांकित हॉटेलात तिची परिषद झाली असती आणि आम्हाला बॅगा मिळाल्या असत्या. ‘पेशंटला नीट विचारा’ हे विकणारी कंपनी नाही.

सहकारी म्हणतात, ओपीडीत ८० पेशंट असतात, वेळ कुठून आणू? वेळ नाही हे खरं आहे. पण अभ्यासात विचारपूस डॉक्टरने केलीच नव्हती. पेशंटने लिहिलं, नर्सने वाचलं, गरज होती तिथेच डॉक्टर आला. आपल्याकडे रांगेत बसलेला पेशंट दोन-दोन तास टीव्ही बघत असतो. त्याच्या हातात एक मराठी कागद आणि पेन द्यायला किती खर्च येतो?

“सांगितलं तर केमो बंद करतील”

गप्प राहण्याची खरी कारणं मात्र घराच्या आत असतात.

पहिलं म्हणजे भीती. त्रास सांगितला तर डॉक्टर केमो पुढे ढकलतील, डोस कमी करतील, मग गाठ वाढेल. अनेक पेशंट या भीतीने उलट्या, मुंग्या, जुलाब लपवतात. या भीतीला मी नावं ठेवत नाही, ती जगण्याच्या इच्छेतून आलेली असते. पण त्या न्यूयॉर्कच्या चाचणीत काय दिसलं बघा. त्रास सांगणारे पेशंट केमोवर जास्त काळ टिकले, सरासरी ८.२ महिने, दुसरा गट ६.३. सोपं आहे. लहान असताना सांगितलेला त्रास औषधाने आवरतो आणि उपचार चालू राहतात. लपवलेला त्रास एक दिवस आयसीयूत घेऊन जातो आणि मग उपचार खरंच बंद होतात.

दुसरं कारण जास्त नाजूक. “डॉक्टर, त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका हं, खचतील.” हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. मुलगा दाराबाहेर गाठून, हात धरून सांगतो. माया असते, मला दिसते ती. पण याचा परिणाम काय होतो तो बघा. ज्या माणसाला वाटतंय की आपल्याला ‘छातीत इन्फेक्शन’ आहे, तो पाठीची कळ छातीच्या डॉक्टरला कशाला सांगेल? डोकेदुखी चष्म्याच्या नंबरवर जाते, हाताची कमजोरी वयावर जाते. मेंदूत गाठ गेल्याच्या खुणा त्याच्या डोळ्यांसमोर असतात आणि त्या वाचायची किल्ली आपण काढून घेतलेली असते. शिवाय बहुतेकांना माहीत असतंच. केमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला आजूबाजूच्या टकलांवरून कळत नसेल असं वाटतं तुम्हाला? मग घरात दोन्ही बाजूंनी नाटक चालू राहतं, तो मुलासाठी हसतो, मुलगा त्याच्यासाठी. सगळं एका दिवसात सांगावं असं माझं म्हणणं नाही. पण विचारेल तेव्हा खोटं बोलू नये, इतकं तरी व्हावं.

तिसरं कारण ताटावरचं. या कॅन्सरमध्ये अन्नावरची वासना जाते ती हट्टाने नव्हे. आजारच शरीरात असे पदार्थ सोडतो की भूक मरते आणि स्नायू झिजतात. घरचे मात्र वाटी घेऊन मागे लागतात, “खा, खाल्लं नाहीस तर बरा कसा होशील?” माणूस मग जेवणाच्या वेळेलाच घाबरायला लागतो, आणि भूक नाही हे डॉक्टरला सांगायचंही सोडतो, कारण सांगितलं की घरी बोलणी बसतात. याला औषध आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १२४ पेशंटवर चाचणी झाली, फुफ्फुसाचे, जठराचे, यकृत-स्वादुपिंडाकडचे कॅन्सर. ओलान्झापिन ही जुनी, स्वस्त गोळी, रोज फक्त २.५ मिलिग्रॅम, १२ आठवडे. निकाल २०२३ मध्ये छापून आला: गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, दुसऱ्या गटात ९ टक्के. झोप येणं वगैरे तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, ती स्वतःहून आणून घ्यायची नाही. पण भूक लागत नाही हे सांगितलंच नाही तर ती चिठ्ठीवर येणार कशी? तोवर नाचणीची आंबील, पेज, ताकातला मऊ भात, थोडं थोडं, त्याला हवं तेव्हा.

धापेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तिथे अज्ञान सगळ्यात महाग पडतं. दम लागला की घरचे कर्ज काढून ऑक्सिजनचं मशीन आणतात. बोटाला लावलेला आकडा ९६ असेल तर त्या मशीनने साध्या हवेपेक्षा जास्त आराम मिळत नाही, हे तपासून झालेलं आहे. चेहऱ्यावर गार वाऱ्याचा झोत देणारा हातातला छोटा पंखा मात्र खरंच काम करतो. आणि धापेचं कारण बऱ्याचदा शोधण्यासारखं असतं. छातीत पाणी भरलं असेल तर ते काढता येतं, पुन्हा भरू नये म्हणून उपाय करता येतात. हिमोग्लोबिन सातवर आलं असेल तर रक्त देता येतं. पायाच्या शिरेतली गुठळी फुफ्फुसात गेली असेल तर रक्त पातळ करण्याचं औषध लागतं, तेही त्याच दिवशी. ‘कॅन्सर आहे, दम लागणारच’ म्हणून बसून राहिलं की हे सगळं सुटतं.

सगळी कारणं बघूनही धाप उरली, वेदना उरल्या, तर मॉर्फिन आहे. हा शब्द उच्चारला की खोलीतली हवा बदलते. “म्हणजे आता शेवट आला का?” “सवय लागेल ना?” नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनवर माणूस शेतात जाऊन येतो, नातवाच्या बारशाला बसतो. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ सगळ्यांना होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत द्यावं लागतं. ते न दिल्यामुळे जितक्यांनी मॉर्फिन सोडलं तितक्यांनी दुसऱ्या कुठल्या कारणाने सोडलं नसेल. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिनची शिडी १९८६ मध्ये मांडली. आपण त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा इतका कडक कायदा केला की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये तो सैल झाला, पण डॉक्टरांच्या मनातला तो अजून सैल झालेला नाही. मध्य प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या या देशातला कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर रात्र काढतो, याला मी सहनशीलता म्हणायला तयार नाही.

वहीत काय लिहायचं

मी पेशंटना शाळेची दोनशे पानी वही आणायला सांगतो. तारीख, केमोचा कितवा दिवस, आणि खोकला, धाप, दुखणं, भूक, झोप, शौच, थकवा, यापुढे शून्य ते दहा आकडा. जो आकडा मागच्या आठवड्यापेक्षा दोनने वाढला, त्याखाली रेघ. लिहिता येत नसेल तर नातवंडं लिहितात, त्यांना आवडतंही. थकवा हा शब्द एकटा लिहू नका, काय करता येईनासं झालं ते लिहा. ‘आंघोळीनंतर बसावं लागतं’ हे वाक्य मला ‘अशक्तपणा’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं. त्यातून कधी थायरॉइड सापडतं, कधी हिमोग्लोबिन, कधी नैराश्य, आणि तिन्हींवर औषध आहे.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून पुढच्या तारखेची वाट बघण्यासारख्या नसतात. वर सांगितलेला ताप. पायांत ताकद कमी वाटणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. खोकल्यातून चमचाभरापेक्षा जास्त रक्त. अचानक वाढलेली धाप किंवा एकाच पायाला आलेली सूज. चेहरा आणि मान सुजणं, गळ्यावरच्या शिरा फुगणं. फिट, किंवा सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होणं. इम्युनोथेरपी चालू असताना किंवा होऊन गेल्यावर नवा कोरडा खोकला किंवा दिवसातून चारपाच जुलाब. तेव्हा फोन करायचा, फोन लागला नाही तर जवळच्या दवाखान्यात जायचं आणि ‘कॅन्सरचं अमुक औषध चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ते औषध लिहिलेला कागद खिशात ठेवा.

एसटीवाले काका पुढच्या वेळी वही घेऊन आले. मी जरा भीतभीतच विचारलं, कंटाळा नाही ना आला? तर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तीस वर्षं गाडी चालवली. डेपोत गाडी लावली की रोजचा रिपोर्ट लिहायचा. ब्रेक लागतोय पण आवाज येतोय, असंसुद्धा लिहायचं. न लिहिता घरी गेलो तर पुढचा ड्रायव्हर घाटात सापडायचा. मला कुणी सांगितलंच नव्हतं की इथंपण लिहायचं असतं.”

मुलाने नेहमीप्रमाणे स्कॅन टेबलावर ठेवला. मी तो बाजूला सरकवून वही उघडली. सुनेचं अक्षर होतं, टापटीप. पाचवा दिवस, तोंड कडू, भूक तीन. सहावा दिवस, भूक चार. नववा दिवस, उजव्या पायाला मुंग्या, त्याखाली लाल पेनाने रेघ.

“काका, आधी टेबलावर झोपा बघू,” मी म्हणालो, “पाय तपासू.”